डावा पीळ

१

मिस्त्रींचा दिवस कधीच घाईनं सुरू झाला नाही. सकाळी शेडचं पत्र्याचं दार सरकवायचं, ते अर्ध्यावर अडलं की खालून एक लाथ घालायची, बाकावरची धूळ फडक्यानं झटकायची, टेस्टलॅम्प बॅटरीला लावून पेटतोय ना ते बघायचं, आणि मग स्टुलावर बसून चहाची वाट बघायची. घर आणि शेड यांच्यात एकच भिंत, भिंतीत एक खिडकी. त्या खिडकीतून चहा यायचा आणि चहाच्या मागोमाग टोमणा.

"घ्या भाऊजी. साखर कमी आहे, काही बोलू नका."

"मी कुठं काय बोललो?"

"तोंड केलंत ना तसं. तेवढं पुरतं."

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. वय सत्तरीच्या पुढं, कान मात्र अजून तिखट. थोरला भाऊ, मिस्त्रींचा दादा, जाऊन एकतीस वर्षं झाली होती. जाऊन असं म्हणायचं, पण त्या शब्दापाशी मिस्त्री नेहमी अडखळायचे. मेला म्हणावं तर कुणी पाहिला नाही. पळाला म्हणावं तर पाकीट घरात, चष्मा बाकावर, आणि अंगावर कामाचे मळके कपडे. पुढं मिस्त्रींची बायको आजारात गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि या घरात दोन म्हातारी माणसं उरली. एकानं वायरी जोडायच्या, एकीनं खिडकीतून टोमणे मारायचे. दोघांचंही बरं चाललं होतं.

त्या सोमवारी नर्सबाई गाडी घेऊन आल्या. गाडी जुनी, डोळे वटारल्यासारख्या दिव्यांची, हिरव्या रंगाची. रंग घरीच मारलेला असावा, ब्रशचे फराटे उन्हात दिसत होते.

"मिस्त्री, गुरुवारी पासिंग आहे. बाकी सगळं ठीक म्हणाले, फक्त वळायचे दिवे नाहीत. दिवे नसतील तर गाडी भंगारात घाला म्हणतात. माझी ड्यूटी लांबच्या दवाखान्यात, तिकडची बस बंद झालीय. ही गाडी गेली तर माझे पायच गेले."

"दिवे नाहीत म्हणजे लागत नाहीत?"

"नाहीतच. गाडी माझ्या मामांची. त्यांनीच उपटून टाकले. म्हणायचे, हात बाहेर काढून दाखवीन, पण ती टिकटिक नको."

"टिकटिक नको? ती का?"

"म्हातारं माणूस. कसे असतात ते ठाऊक आहे ना." एवढं बोलून बाईंनी जीभ चावली. "तुम्ही नाही हो."

"ते पण तसेच आहेत," खिडकीतून आवाज आला.

जाता जाता बाई म्हणाल्या, "डावीकडची काच उघडत नाही. हँडलच नाहीये. ते राहू द्या, नुसते दिवे करा."

२

आता वळायचे दिवे बसवणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे. पुढं दोन दिवे, मागं दोन, स्टिअरिंगपाशी एक बटण, आणि मध्ये फ्लॅशर नावाची एक डबी. डबीच्या पोटात एक तार असते. वीज गेली की ती तापते, लांबते, सुटते; निवली की परत चिकटते. तिचं तापणं आणि निवणं म्हणजेच ती टिकटिक. मिस्त्रींना हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. शाळा त्यांनी लांबूनच पाहिली होती. दादानं डबी फोडून दाखवली होती, तेवढंच शिक्षण.

दादा डावरा होता. तो धाकट्याला समोर बसवून काम शिकवायचा. समोर बसून शिकणाऱ्याला सगळं उलटं दिसतं. त्यामुळं दादा वायरीच्या तारांना डावीकडं पीळ द्यायचा, आणि ते बघून शिकलेला धाकटा उजवीकडं. दादा पुष्कळ हसायचा त्यावरून. गिऱ्हाईकासमोरसुद्धा म्हणायचा, "आमच्या साहेबांचा पीळ उलटा." पण पुढं त्याचा उपयोग झाला. जोड कुणाचा आहे ते दोघांना नुसत्या बोटानं, न बघता कळायचं.

दुपारी मिस्त्री डॅशबोर्डखाली पाठीवर झोपले आणि बॅटरीचा टॉर्च तोंडात धरून वर हात घातला. नव्या वायरींना वाट करायची तर जुन्या कुठून गेल्यात ते बघावं लागतं. मामांनी दिवे उपटले होते, बटण उपटलं होतं, पण वायरी तशाच होत्या. नीट बांधलेल्या. कुणीतरी जाणत्यानं बांधलेल्या.

त्यांची बोटं एका जोडावर गेली आणि थांबली.

जोडावर कापडी टेप होती. काळी, डांबराचा वास येणारी. ती विकत मिळायची बंद होऊन किती वर्षं झाली कुणास ठाऊक. हल्ली सगळीकडं गुळगुळीत प्लॅस्टिकची. दादाला तीच टेप लागायची. तार बोचू नये म्हणून डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला तिचा दीड वेढा कायम असायचा. जेवतानाही.

मिस्त्रींनी नखानं टेप सोडवली. खाली तांब्याचा पीळ होता, आणि तो डावा होता.

ते तसेच पडून राहिले. टॉर्चची चव तोंडात लोखंडासारखी लागत होती. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की दादानं हयातीत शेकडो गाड्या केल्या, त्यातली एक हिंडत फिरत आली, त्यात काय मोठंसं. आणि खरं सांगायचं तर त्यांना भीती नाही वाटली. बरं वाटलं. जुनं पत्र सापडावं तसं.

ते पुढं बघत गेले. एक वायर डाव्या दाराच्या खांबात शिरत होती. अगदी जुन्या काळी दिव्याऐवजी त्या खांबातून एक छोटा हात बाहेर यायचा, वळायची बाजू दाखवायला. आता तिथं पत्र्याचा तुकडा मारलेला होता. खांबात काही नव्हतं. वायर मात्र आत जात होती.

३

मंगळवारी सकाळी दिवे बसले. मिस्त्रींनी बटण उजवीकडं लोटलं. टिक, टिक, टिक. पुढं येऊन बघितलं, लागतोय. मागं जाऊन बघितलं, लागतोय. बटण डावीकडं लोटलं.

टिकटिकटिकटिक.

त्यांनी मान तिरकी केली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदाचा काटा धरून मोजलं. उजवीकडं मिनिटाला सत्तर. डावीकडं शंभराला दोन कमी.

आता ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशी डबी घाई करते ती वजन वाढलं की. दिवे जास्त असले की वीज जास्त जाते, तार लवकर तापते, टिकटिक वाढते. म्हणजे डबीचं म्हणणं सरळ होतं. उजवीकडं दोन दिवे आहेत, डावीकडं तीन.

मिस्त्रींनी डावीकडचे दिवे मोजले. पुढं एक, मागं एक. दोन. बाजूला जाऊन उगाच पुन्हा मोजले.

"काय हो, गाडीला प्रदक्षिणा कसली घालताय?" खिडकीतून वहिनी.

"दिवे मोजतोय."

"किती आहेत?"

"दोन."

"मग झालं की."

"ते मला कळतंय, वहिनी. डबीला कळत नाहीये."

त्यांनी डबी बदलली. डावे बल्ब उजवीकडं लावून बघितले, उजवे डावीकडं. अर्थिंग घासून चकचकीत केलं. टिकटिक तीच. कुतूहल वाईट असतं. दुसरा कुणी असता तर चालतंय ना म्हणून सोडून देता, पण मिस्त्रींना भुकेचीही शुद्ध राहिली नाही. शेवटी त्यांना खांबातली वायर आठवली. त्यांनी पत्रा काढला, टॉर्च आत मारला. आत गंज, एका कोळ्याचं जुनं जाळं, आणि वायरीचं तोडलेलं टोक. टोक कशालाच टेकलेलं नव्हतं. हवेत होतं.

मिस्त्रींनी डॅशबोर्डखाली जाऊन ती वायर पकडीनं तोडली. टिकटिक एकदम सावकाश झाली. मोजली. सत्तर.

म्हणजे तिसरा दिवा त्याच वायरीवर होता. हवेत.

त्यांनी तोडलेल्या टोकांना निळी प्लॅस्टिकची टेप गुंडाळली आणि बाहेर येऊन हात पुसले. खूप वेळ पुसले.

४

खिडकीत वहिनी उभ्या होत्या. हातात न घासलेलं पातेलं, पातेल्यात काथ्या. टोमणा आला नाही.

"मघाशी घाईघाईनं वाजत होतं, ते काय होतं?"

"वळायचा दिवा. जास्तीची वायर होती, तोडली."

"तसं मी एकदाच ऐकलंय, भाऊजी. त्या दिवशी."

मिस्त्रींनी हातातलं फडकं बाकावर ठेवलं.

"मला त्या कारखान्याच्या भिंतीपाशी नेलं होतं ना तुम्ही सगळ्यांनी. गाडी उभी. आत कुणी नाही, दार बंद. इंजिन चालू. आणि ते असं वाजतंय. सगळे हाका मारत होते, आणि माझ्या डोक्यात एवढंच, की ह्याला एवढी घाई कसली झालीय." त्यांनी गाडीकडं बघितलं. "ती राखाडी होती."

"रंग मारलाय वरून."

"मग तीच ना?"

मिस्त्रींनी नखानं हिरवा रंग खरवडला. खालून राखाडी निघाला. सोमवारीच खरवडायला हवा होता, असं त्यांना वाटलं. कदाचित म्हणूनच खरवडला नव्हता.

त्या दिवसाचं एवढंच सांगण्यासारखं आहे. दिवे बसवले की ट्रायल घ्यायची ती दिवेलागणीला, अंधूक उजेडात, म्हणजे दिवे नीट दिसतात. आणि ती दोघांनी घ्यायची. एकानं चालवायची, दुसऱ्यानं मागून चालायचं आणि दिवा लागला की ओरडायचं, "लागला!" आत बसलेल्याला मागचा दिवा दिसत नाही. त्याला मागच्याच्या शब्दावरच विसंबावं लागतं; तो शब्द येईपर्यंत दिवा चालू आणि खुणेचा हात बाहेरच ठेवायचा. दादाचा हा नियम होता आणि तो कधी मोडला नव्हता. त्या दिवशी गिऱ्हाईकासमोर पिळाची थट्टा झाली होती आणि धाकटा रुसून बसला होता. दादानं बाहेरून हाक मारली, "येतोस ना रे मागं?"

"आलो," तो म्हणाला. आणि उठला नाही.

दादानं हळूहळू गाडी काढली. मागून कुणीतरी चालत येतंय, या समजुतीत.

५

मंगळवारी संध्याकाळी मिस्त्रींनी एकट्यानंच गाडी बाहेर काढली. वहिनींना सांगितलं, पेट्रोल टाकून येतो. वहिनी म्हणाल्या, "टाका," आणि त्यांच्याकडं न बघता पातेलं घासत राहिल्या.

ट्रायलची फेरी ठरलेली होती. शेडपासून उजवीकडं, मग गोदामांची गल्ली, मग कारखान्याच्या लांब भिंतीला धरून सरळ. भिंत डाव्या हाताला. विटांची, दोन पुरुष उंच, पाचेकशे पावलं लांब. तिच्यात दार नाही, बोळ नाही, खिडकी नाही. कारखाना बंद पडून जमाना झाला, आत नुसतं गवत. त्या वेळी पोलिसांनी शिडी लावून आत बघितलं होतं. तेव्हाही गवतच होतं.

गोदामांच्या गल्लीत सगळं बरोबर चाललं. उजवा दिवा, सत्तर. डावा दिवा, सत्तर. मिस्त्री मनात स्वतःला हसायला लागले होते. भिंत सुरू झाली. त्यांनी बटण मधोमध केलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

भिंतीच्या साधारण मध्यावर डबी वाजायला लागली. घाईघाईनं.

बटण मधोमधच होतं. त्यांनी ते उजवीकडं लोटलं, परत मध्ये आणलं. डावा दिवा लुकलुकतच होता. पुढच्या दिव्याचा नारिंगी डाग विटांवर उमटत होता, जात होता. कुठंतरी शॉर्ट झालंय, त्यांचं शहाणं मन म्हणालं. खड्ड्यात हादरा बसला, वायर पत्र्याला टेकली. होतं असं. आणि दुसरं मन, जे शाळेत गेलं नव्हतं, ते म्हणालं, गाडी सांगतेय की इथं डावीकडं वळायचं.

त्यांनी वेग कमी केला. खोटं कशाला सांगू, स्टिअरिंग थोडंसं डावीकडं गेलंही. एवढंच बघायचं होतं, की वळलं तर काय होईल. भिंत चार हातांवर आली, तीन हातांवर आली. आणि टिकटिक, त्यांना वाटलं, जरा निवांत झाली. आता समजलं एकदाचं, अशी.

मग ब्रेक लागला. आपणच लावला असणार.

भिंत संपेपर्यंत त्यांनी गाडी रस्त्याच्या पार उजव्या कडेनं नेली. कोपऱ्यावर टिकटिक आपोआप थांबली.

६

बुधवारी सकाळी त्यांनी दार सरकवलं, लाथ घातली, पण फडकं घेतलं नाही की टेस्टलॅम्प लावला नाही. सरळ डॅशबोर्डखाली गेले.

काल तोडलेली वायर जोडलेली होती.

निळी टेप घडी घालून पायपुसण्यावर ठेवली होती. जोडावर कापडी टेप होती. नवी, ओलसर, बोटाला काळं लागणारी. त्यांनी ती सोडवली नाही. वरून नुसतं चाचपलं. पीळ कळला.

मिस्त्री स्टुलावर येऊन बसले आणि त्यांनी स्वतःची उलटतपासणी घेतली. वय झालं. विसर पडतो. परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला होता. आपणच जोडली असेल, जुन्या टेपचा एखादा तुकडा सापडला असेल. त्यांनी वायरीचे दोन तुकडे घेतले, सोलले, आणि तारांना डावीकडं पीळ द्यायला लागले. बोटं ऐकेनात. तारा फाकल्या, एक अंगठ्यात घुसली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा लहान मुलाच्या शेंडीसारखा गबाळा पीळ झाला. आतला जोड मात्र असा होता, की जणू यंत्रानं वळलाय.

"काय करताय?" खिडकीत चहा आला होता.

त्यांनी सगळं सांगितलं. कालची फेरीही. लपवायचं म्हटलं तरी वहिनींपुढं त्यांचं तोंड सरळ राहत नसे.

वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज मला न्या."

"काहीतरीच काय."

"का? मी काय काचेची आहे?"

"वहिनी, उद्या सकाळी बाई येतील. मी वायर मुळापासून उपटतो, दिवे नवीन वायरीवर घेतो, गाडी देऊन टाकतो. विषय संपला."

"आणि बाई रोज त्या भिंतीवरून जातील. दवाखान्याचा रस्ता तोच आहे." वहिनींनी कप खिडकीच्या कट्ट्यावर सरकवला. "एकतीस वर्षं मी तुम्हाला एक शब्द विचारला नाही, भाऊजी. तुम्ही मागं का गेला नाहीत, कधी विचारलं?"

"नाही."

"मग आज न्या."

मिस्त्रींनी चहाकडं बघितलं. त्यांना भुताखेतांची चिंता नव्हती. तसलं काही त्यांना नीट समजतच नसे. चिंता साधी होती. या घरात त्यांच्याशी बोलणारं एकच माणूस उरलं होतं, आणि तेच माणूस आता त्या भिंतीच्या बाजूला, डाव्या सीटवर बसायचं म्हणत होतं.

"दार उघडायचं नाही," ते म्हणाले. "काही झालं तरी."

"बरं."

"काच तर उघडतच नाही."

"बरं म्हटलं ना. तोंड नका करू."

७

दिवेलागणीला ते निघाले. वहिनींनी केस नीट बांधले होते आणि कपाटातली चांगली शाल घेतली होती. मिस्त्रींनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

"किती दिवसांनी बसतेय गाडीत," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आपल्या लोकांच्या गाड्या करता आणि घरच्यांना पायी हिंडवता."

"या वयात चालणं चांगलं असतं."

"हो, मागून चालणं तर फारच."

 असं त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. मिस्त्रींना लागलं, पण आत कुठंतरी मोकळंही वाटलं.

गोदामांची गल्ली संपली, भिंत सुरू झाली. आभाळ राखेच्या रंगाचं होतं. मध्यावर डबी वाजायला लागली. मिस्त्रींनी गाडी भिंतीला धरून, हातभर अंतरावर उभी केली. बटण मधोमध होतं; त्यांनी वहिनींना दाखवलं. वहिनींनी नुसती मान हलवली. त्या काचेतून विटांकडं बघत होत्या.

टिकटिकटिकटिक.

"एवढी घाई," त्या हळूच म्हणाल्या. मग इकडं न वळता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही उतरा."

"मी नाही उतरणार."

"दोघांची ट्रायल आहे ना? एक आत, एक मागं."

"तुम्हाला एकटीला सोडून?"

"मी एकटी कुठं आहे?" वहिनी म्हणाल्या. असं म्हणाल्या, की जणू किती वाजले ते सांगितलं.

मिस्त्री उतरले. का उतरले हे त्यांना पुढंही कधी सांगता आलं नाही. गुडघे आखडले होते. गाडीच्या पत्र्याला हात लावत लावत ते मागं गेले, दहा पावलं आणखी मागं गेले, जिथं मागच्या माणसानं असायचं असतं तिथं. आणि वळून बघितलं.

डावा दिवा लुकलुकत होता. भिंतीवर नारिंगी डाग उमटत होते. पुढच्या दिव्याचा एक, दूर. मागच्या दिव्याचा एक, जवळ. आणि त्या दोहोंच्या मध्ये, दाराच्या खांबाच्या उंचीवर, तिसरा. तिथं गाडीला दिवा नव्हता.

त्यांनी मोजलं. सवयच ती. एक, दोन, तीन. उजेड गेला. आला. एक, दोन, तीन.

तिसरा डाग जरा पिवळा होता, जुन्या बल्बसारखा. तो आला की गाडीच्या डाव्या खिडकीतून काहीतरी बाहेर आलेलं दिसायचं, आणि गेला की दिसायचं नाही. पहिल्यांदा त्यांना वाटलं शालीचं टोक असेल. दुसऱ्यांदा वाटलं, मनगट. तिसऱ्यांदा त्यांनी पाहिलं की मनगटं दोन आहेत. एक आतून बाहेर आलेलं, पातळ, बांगडीचं. दुसरं कुठून आलंय ते बघायला उजेड पुरत नव्हता. त्याच्या पलीकडं नुसत्या विटा होत्या.

त्यांना धावायचं होतं. पाय हलले नाहीत. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की टिकटिक त्यांची वाट बघतेय. आतल्या माणसाला मागचा दिवा दिसत नाही. मागच्यानं सांगेपर्यंत तो हात आत घेत नाही. एकतीस वर्षं झाली तरी घेत नाही.

मिस्त्रींनी घसा खाकरला.

"लागला!" ते ओरडले. आवाज फाटला. त्यांनी पुन्हा सगळा जीव एकवटून हाक दिली. "लागला, दादा! दिसला मला!"

टिकटिक थांबली. अंधार एकदम भिंतीएवढा झाला.

मिस्त्री गाडीपाशी कसे पोचले देव जाणे. उजवं दार उघडून आत वाकले. डावी सीट त्यांना क्षणभर रिकामी दिसली, आणि मग शाल हलली.

"ओरडायचं किती ते," वहिनी म्हणाल्या. आवाज बसलेला होता. "बहिरं नाही कुणी."

त्यांचे दोन्ही हात शालीखाली मांडीवर होते. त्यांच्या बाजूची काच पार खालपर्यंत उतरलेली होती. भिंतीच्या अंगानं गार वारा आत येत होता, आणि वाऱ्याला डांबराचा वास होता.

"चला घरी," वहिनी म्हणाल्या.

८

गुरुवारी नर्सबाई आल्या. मिस्त्रींनी त्यांच्यासमोर दोन्ही बाजू घड्याळ लावून मोजून दाखवल्या. उजवीकडं सत्तर, डावीकडं सत्तर. खांबातली वायर त्यांनी मुळापासून काढली होती; जोड तेवढा कापून बाकाच्या खणात ठेवला होता. बाई दुपारी परत येऊन सांगून गेल्या, गाडी पास झाली. घरी जाताना मुद्दाम भिंतीवरून गेले, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना भिंतीचं काही ठाऊकच नव्हतं. "आणि मिस्त्री, काच दुरुस्त केलीत ते बरं केलंत," एवढं मात्र म्हणाल्या.

"वर जाते का?"

"जाते की. हँडल कुठलं बसवलंत? जुनंच दिसतंय."

मिस्त्रींनी हँडल बसवलं नव्हतं. ते हो म्हणाले.

संध्याकाळी ते स्टुलावर बसले. खिडकीत चहा आला.

"घ्या भाऊजी. साखर कमी आहे."

कप ज्या हातानं धरला होता तो डावा होता. पहिल्या बोटाला काळ्या कापडी टेपचा दीड वेढा होता. टोक नीट दाबून बसवलेलं.

मिस्त्री बघत राहिले.

"बोटाला काय झालं, वहिनी? काच लागली?"

"बोटाला काय होतंय? काही झालेलं नाही."

"मग ते?"

वहिनींनी बोटाकडं बघितलं, जसं एखादी बाई जुन्या अंगठीकडं बघते, ती आहे ना एवढंच बघायला. अंगठ्यानं टेपचं टोक पुन्हा एकदा दाबलं.

"मला काय विचारता," त्या म्हणाल्या. "मागून तर तुम्ही बघत होतात."

आणि खिडकीपासून आत गेल्या. मिस्त्रींनी कप उचलला. कपाच्या कानाला काळं लागलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही.